आमची वाटचाल: मजकुरामधली २५० पिक्सेल जागा

आम्ही नाशिकमधून द्राक्ष, कांदा आणि डाळिंबाची माहिती देणारं मराठी संकेतस्थळ चालवतो. वाचकाकडून पैसे घेत नाही, त्यामुळे सगळा भार जाहिरातींवर.

सुरुवात अ‍ॅडसेन्सपासून, म्हणजे संकेतस्थळांवर जाहिराती लावणाऱ्या गूगलच्या सेवेपासून. तिथे हिंदीला २०१४ च्या डिसेंबरमध्ये जागा मिळाली, मराठीला त्यानंतर. मराठी पानांवरच्या जागेसाठी बोली लावणारे जाहिरातदार कमी, म्हणून दरही कमी. हजार पानांमागे समजा ४० रुपये सुटले, तर महिन्याला ५०,००० पानं वाचली जाऊनही हातात २,००० रुपयेच. त्यातही खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत पैसे निघत नाहीत. १० डॉलर झाले की पत्ता पडताळण्यासाठी टपालाने पिन (सांकेतिक क्रमांक) येतो. तो भरला नाही तर रक्कम अडकते, म्हणून पत्ता तालुका-पिनकोडसह नीट लिहावा.

खरी डोकेदुखी पान उडी मारण्याची. जाहिरात मजकुरानंतर उतरते. तिची जागा आधी राखलेली नसेल, तर खालचं सगळं ढकललं जातं. शेतकरी बागेत उभा राहून १५ लिटरच्या पंपाला औषध किती हे वाचत असतो. नेमकी तीच ओळ निसटते आणि बोट जाहिरातीवर पडतं. असे चुकून झालेले क्लिक आज कमाईत दिसतात आणि पुढे अवैध ठरून वजा होतात. त्यामुळे आम्ही जाहिरातीच्या प्रत्येक चौकटीला किमान २५० पिक्सेल उंची कोडमध्येच बांधून दिली आहे. जाहिरात आली नाही तर जागा कोरी राहते, राहू द्यावी. पान हलण्याचा आकडा (सीएलएस) ०.१ च्या आत असला तर गूगल तो चांगला मानतं.

जास्त चौकटी म्हणजे जास्त पैसे, हा समज चुकीचा आहे. निम्मी जाहिरात सलग एक सेकंद पडद्यावर राहिली तरच ती 'दिसली' असं धरतात. तळाशी चौकटी रचल्या की दिसण्याचं प्रमाण घसरतं आणि मागोमाग दरही. पहिल्या पडद्यावरच्या चौकटीला लेझी लोडिंग (वाचक जवळ आल्यावरच जाहिरात उतरवणं) लावू नये, खालच्यांना जरूर लावावं. मोबाईलवर मजकुराच्या उंचीत जाहिरातींचा वाटा ३० टक्क्यांच्या वर गेला, तर ते बेटर अ‍ॅड्स या त्रासदायक जाहिराती ठरवणाऱ्या गटाच्या निकषांत बसत नाही.

अ‍ॅड्स-टीएक्सटी (ads.txt), म्हणजे आपल्या जाहिरातीच्या जागा कोण विकू शकतं याची यादी असलेली फाइल, मुख्य डोमेनच्या मुळाशीच हवी. प्रत्येक ओळीत जाहिरात यंत्रणेचं डोमेन, आपला खाते क्रमांक आणि नातं, म्हणजे डायरेक्ट (खातं आपलंच) की रीसेलर (आपल्या वतीने विकणारा). क्रमांकातला एक आकडा चुकला तरी खरेदीदाराच्या लेखी ती जागा आपली नसते. साइट नव्या सर्व्हरवर नेताना हीच फाइल हमखास मागे राहते.

सट्टा आणि झटपट कर्जाच्या जाहिराती आम्ही बंद ठेवल्या आहेत. उत्पन्नाला कात्री लागते, पण हंगामाच्या तोंडावर पैशाची ओढ असलेल्या माणसासमोर त्या ठेवणं आम्हाला मान्य नाही.

आता भर रोपवाटिका आणि ठिबकच्या स्थानिक विक्रेत्यांवर. महिन्याचा ठरीव दर, जीएसटीचं बिल, १०० केबीच्या आतलं चित्र, लिंक पैसे घेऊन दिली आहे हे गूगलला कळवणारी 'स्पॉन्सर्ड' खूण आणि वर ठळक 'जाहिरात'. कीटकनाशकाची जाहिरात घेताना त्या पिकासाठी लेबल क्लेम (त्या पिकावर वापरायची अधिकृत मंजुरी) आहे का, हे आधी तपासतो. असला तरी, ज्या लेखात त्याच रोगावरचा उपाय सांगितला आहे, तिथे ती लावत नाही.