खालचा उजवा कोपरा

गुरुवार, रात्र

शाळेची भिंत झाली. भिंती रंगवायला माझ्याकडेच शिकलेली ती पोरगी, तिने संध्याकाळच्या उन्हातला फोटो पाठवला. रंग छान बसलेत, कडा स्वच्छ, कुठे ओघळ नाही. आणि मी काय केलं, तर फोटो मोठा करून आधी खालचा उजवा कोपरा बघितला. तिथे काहीच नव्हतं. नावं पाच फुटांवर, उजव्या कडेला. सगळ्या पोरांची, परांची बांधणाऱ्यांची, पाण्याचा पाइप ओढून देणाऱ्या शिपाईमामांचंही. माझं नाही.

बरं, नसेना. काम तिचं, पोरं तिची. पण दुपारपासून खुपतंय, आणि क्षुल्लक आहे म्हणूनच जास्त खुपतंय. मोठं काही असतं तर भांडता तरी आलं असतं.

नावं लिहिलीत मात्र बरोबर. जमिनीपासून तीन फुटांत लिहिलेलं मुंबईत टिकत नाही. पावसाचं पाणी चिखलासकट उडतं, टेकवलेल्या मोटारसायकलींची हँडलं घासतात, आणि थुंकणारे तर कोपरा शोधूनच थुंकतात. अक्षरं दोन इंची, सगळ्यांची शिरोरेषा एका ओळीत, म्हणजे आधी सूत मारलंय. खडूची पूड लावलेली दोरी दोघांनी ताणून धरायची, मधे चिमटीत उचलून सोडायची. मार्कर वापरलेला नाही. मार्करची शाई उन्हात उडते, आणि तिच्यावर रंग मारला तर खालून फुटून वर येते. म्हणून तर आखणीसाठीही पोरांच्या हातात मार्कर द्यायचा नसतो. खडू द्यायचा, नाहीतर पाण्यात पातळ केलेला रंग. ऑइल पेंटही नाही. साइनबोर्डवाल्यांची ती जुनी सवय, पण तो सुकून कडक होतो, खालचं इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग, उन्हापावसात ताणत-आक्रसत राहतं, आणि दोन-चार वर्षांत अक्षरांचे पोपडे निघतात. तिने बाहेरच्या भिंतीचंच काळं इमल्शन घेतलंय, पाव इंची चपट्या ब्रशने.

आता हे सगळं तिला कुणी शिकवलं, ते भिंतीवर कुठे लिहिलंय?

जेवताना आई म्हणाली, तुझं लक्ष कुठंय. तिला काय सांगणार. शिवाय त्या दुसऱ्या कामाचं बिल अजून अडकलंय, पण तो विषय आज नको.

ह्यात माझं किती, हे मनातल्या मनात मोजतोय. भिंत ओली आहे का बघायला दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवायचं; सकाळी आतल्या बाजूला थेंब दिसले तर प्रायमरचा डबा उघडायचासुद्धा नाही. नवीन प्लास्टर असेल तर किमान २८ दिवस थांबायचं, नाहीतर सिमेंटमधला क्षार रंग खातो. लोणा, म्हणजे भिंतीवर फुटलेलं पांढरं मीठ, आला असेल तर आधी कोरड्या ब्रशने झाडून काढायचा. पाणी मारलं की तेच मीठ विरघळून परत आत जातं आणि सुकताना परत वर येतं. दहा बाय चाळीसच्या भिंतीला मागच्या रंगाचे दोन हात द्यायला साताठ लिटर लागतं, आणि तो रंग सगळाच्या सगळा एकदम कालवून ठेवायचा. अर्ध्यात संपला आणि परत स्टेनर, म्हणजे छटा आणायचा घट्ट रंग, टाकत बसलो की जुळला म्हणायचा तो सुकल्यावर जुळत नाही, कारण इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं. एक बाटली भरून, झाकण घट्ट लावून पुढच्या दुरुस्तीसाठी बाजूला. वर चकचकीत क्लिअर कोट चढवायचा मोह टाळायचा. भिंतीतली ओल बाहेर पडू शकली नाही तर ती चित्राचा अख्खा पापुद्रा घेऊन निघते.

ही माझी इस्टेट. नीट केलेली तयारी कुणाला दिसत नाही, फसलेलीच दिसते, त्यामुळे ह्या इस्टेटीवर नाव लावायला जागाही नाही.

चौकटी मात्र तिने मारल्याच नाहीत, आणि हे मला पटलेलं नाही. आपली पद्धत सरळ: कागदावर एक इंच म्हणजे भिंतीवर एक फूट, चौकटीला चौकट जुळवत जायचं. तिने भिंतभर वेड्यावाकड्या खुणा केल्या, एकीसारखी दुसरी नाही. मग भिंतीचा फोटो काढून त्यावर फोनमध्ये चित्र ठेवलं आणि खुणांच्या आधाराने आखलं. वेगात होतं, मान्य. मोठ्या भिंतीवर दोरीने चौकटी सरळ राखणं डोकेदुखीच असते, हेही मान्य. पण पोरांसोबत काम असेल तर चौकटच बरी. एका चौकटीत काय आहे ते आठ वर्षांच्या पोराला समजतं, ते स्वतः आखू शकतं. फोनवाल्या पद्धतीत आखणी एकटीची, पोरांच्या वाट्याला फक्त आकडे बघून रंग भरणं. हे तिला बोलेन. आज नको, आज बोललो तर भलताच वास येईल त्याला.

मघाशी अमेरिकेतल्या भित्तिचित्रकार ज्युडी बाका आठवल्या. १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या हॉलेनबेक पार्कात चार टोळ्यांची वीसेक पोरं एकत्र आणून त्यांनी भिंत रंगवली. एकमेकांच्या गल्लीत पाय न टाकणारी पोरं होती ती. पुढे १९७६ पासून ‘ग्रेट वॉल’. पुराचं पाणी वाहून नेणाऱ्या काँक्रीटच्या कालव्याची भिंत, लांबी २,७५४ फूट. काम उन्हाळ्यातच करायचं, कारण तिकडे पाऊस हिवाळ्यात. असे पाच उन्हाळे. चारशेहून जास्त तरुण मुलं त्यावर राबली, त्यातली बरीच कोर्टकचेरीच्या भानगडीतून आलेली. भिंतीवर काय, तर कॅलिफोर्नियाचा पाठ्यपुस्तकाबाहेर राहिलेला इतिहास, आणि तो नीट यावा म्हणून सोबत इतिहासाचे अभ्यासक.

आमच्यासारख्यांचा हा आदर्श. आणि मला नाव कुणाचं ठाऊक आहे? बाकाबाईंचं. चारशेमधलं एक सांग म्हटलं तर माझी बोबडी वळेल.

इतकं लांब कशाला, वारल्यांचा लग्नाचा चौक घ्या. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्याने सवाष्णींनी लिहायचा. कुणाचीही सही नाही. पुढे कागदावर आला, जिव्या सोमा म्हशांना २०११ साली पद्मश्री मिळाली, रास्तच मिळाली. पण त्या आधीच्या बायका कोण, ते कुणाला सांगता येतं? नेहमीचा हिशेब हाच आहे: एक नाव वर, बाकी मंडळी फोटोच्या बाहेर. ह्या बयेने तो उलटा केला आणि नेमका माझ्यावर प्रयोग केला. हसू येतंय आता थोडं.

आणि धंद्याच्या हिशेबानेही तिचंच बरोबर आहे, हे जास्त झोंबतं. भिंत रंगाच्या कंपनीमुळे टिकत नाही. ज्या पोराचं नाव भिंतीवर आहे त्याची आई पोस्टर चिकटवणाऱ्याला हाकलते. शिपाईमामांचं नाव आहे, ते पाइपलाइनवाल्याला ड्रिल लावण्याआधी चार प्रश्न विचारतील. परांचीवाल्याचं आहे, म्हणजे डागडुजीच्या वेळी बांबू वेळेवर येतील, कदाचित कमी भावातही. माझ्या नावाने त्या गल्लीत कोण कुणाला अडवणार होतं? आणखी एक पोर म्हणून मला त्या यादीत घुसवलं असतं तर एका कामाच्या माणसाची जागा खाल्ली असती.

तरी खुपतंयच. कमी, पण आहे. ‘मार्गदर्शन’ असा एक शब्द बारीक अक्षरांत चालला असता की. एक इंचीसुद्धा.

हे लिहीत असतानाच तिचा मेसेज आला. पुढची भिंत बघतेय, नाल्याच्या कडेची, मागे पूर्ण माती भरलेली. लिहायला घेतलं की अशा भिंतीच्या नादी लागू नको, ओल मागून येते, पुढून कितीही वॉटरप्रूफिंग केलंस तरी पहिल्या पावसाळ्यानंतर फोड येणार. करायचंच असेल तर सिमेंट बोर्डावर रंगवून, भिंतीपासून इंचभर फट ठेवून बसव, मागून वारा खेळला पाहिजे. पाठवायच्या आत तिचाच दुसरा मेसेज: ‘दादा, काल रात्री प्लास्टिक लावलेलं. आतून पाणीच पाणी. सोडली. समोरची घेतेय.’

समोरची पश्चिमेची आहे. दुपारी दोननंतर तापलेल्या भिंतीवर रोलर टेकवला की रंग जागीच सुकतो आणि पट्टे दिसतात, तेव्हा काम सकाळीच उरकायचं. हे तिला ठाऊक आहे. तरी टाइप करून पाठवलं.