नाव घातलेली भांडी

हल्ली भांड्यांच्या दुकानात "नाव घालायचं का?" असं कोणी विचारतच नाही. पूर्वी पातेलं घेतलं की तिथेच एक जण पेनासारखी मशीन घेऊन बसलेला असायचा, घर्रर्र आवाज करत नाव, गाव, तारीख कोरून द्यायचा, तो आवाज ऐकून माझे दात शिवशिवायचे. नाशिकच्या भांडी बाजारात आजीबरोबर गेलं की ती त्याच्या डोक्यावर उभी राहायची, एक वेलांटी चुकू द्यायची नाही.

त्याला कारण होतं. तिच्या लग्नातला पितळेचा डबा, 1961 सालचा, तेव्हाचं हाताने छिन्नी ठोकून केलेलं टिंबाटिंबाचं नाव, आणि ठोकणाऱ्याने घाईत भ चा म केलेला. त्यामुळे तो डबा "सप्रेम मेट" आहे. आजोबा जन्मभर त्याला मेटच म्हणाले, "मेटमधले दोन लाडू काढ गं."

1969 ला गोदेला मोठा पूर आला तेव्हा बाजारात पाणी शिरलेलं, आजीने कडेवर लेकरू आणि साडीत बांधलेली भांडी घेऊन शेजारच्यांचा माळा गाठला म्हणे. धाकट्या मावशीचं म्हणणं, आईने आधी भांडी उचलली असणार. पुढे स्टीलची लाट आली, सगळ्यांनी पितळ मोडीत घातलं, हिनेही घातलं बरंचसं, पण मेट आणि एक गंज ठेवला. कल्हईवाला आला की गंज घेऊन खाली पळायची, तो नवसागर टाकून कथील फिरवायचा, पांढरा धूर निघायचा, मग भांडं पाण्यात चर्रर्र. ताक कळकायला नको म्हणून एवढा खटाटोप.

घरात मूल जन्मलं की बारशाच्या आत तिची दुकानातून नवीकोरी वाटी आलीच, नाव घातलेली. बारशाआधी नाव कसं कळायचं? आईबापांना दम देऊन काढून घ्यायची. सगळ्या नातवंडांच्या वाट्या आहेत, मी तर माझं नाव वाचायला वाटीवरच शिकले, खीर संपवली की दिसायचं, आतल्या बाजूला कोरायला सांगायची ना ती, मुद्दाम.

आणि स्वतःचं ताट? ते बोहारणीकडचं. दुपारी दारात दोघींचा सामना रंगायचा, बोहारीण साडी उजेडात धरून भोकं शोधायची, आजी ताटाला टिचकी मारून जाडी बघायची, "हे पत्र्याचं आहे बाई, अजून एक पॅन्ट मागू नकोस." तासभर घासाघीस, मग चहा दोघींना. त्या ताटावर नाव नाही, कोण घालणार बोहारणीच्या ताटाला नाव. आम्हाला वाढून झाल्यावर ती त्यात जेवायची आणि खरवड आवडते म्हणायची. आवडत असेलही, काय माहीत.

तिची भांडी मात्र घरात कधी टिकली नाहीत. कुणी आजारी पडलं, बाळंत झालं, की डबा, पातेलं, काहीतरी भरून गेलंच. आणि आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, त्यामुळे शेजारणी काहीतरी करेपर्यंत ठेवून घ्यायच्या आणि विसरून जायच्या. ही मागायची नाही. आईच चिडचिड करायची.

आजी गेली त्या दिवशी घरात चूल पेटली नाही, पलीकडच्या काकूंनी पिठलं-भात पाठवला. आईने पातेलं रिकामं करून पालथं घातलं तर त्यावर आजीचं नाव आणि 1984. काकूंना विचारलं तर त्या कावऱ्याबावऱ्या, "अगंबाई, मला वाटायचं आमचंच आहे, माझ्या धाकट्याच्या वेळेला डिंकाचे लाडू आलेले यात." तो धाकटा आता टकला झालाय. मग दिवस होईपर्यंत भांडी येतच राहिली, एक कढई, झाकणाशिवायचे डबे, एक तांब्या तर पंचवटीतून कुणीतरी स्कूटरवर घेऊन आलं.

मावशीचं म्हणणं पातेलं ठेवून घ्यायचं, नाव आहे आपलं त्यावर, पुरावा आहे. आईने दिवस झाल्यावर त्यात साखर घातली आणि काकूंकडे परत पाठवून दिलं. मावशी अजून त्यावरून बोलते.