लातूरच्या उन्हातला फणस

किल्लारीच्या भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात, म्हणजे १९९४ साली, लग्न होऊन मी लातुरात आले. तेव्हा आमच्या घरात फणस म्हणजे गंजगोलाईतल्या गाड्यावरून पेपरात बांधून आणलेले सहा-सात गरे. खाणारी माणसं नऊ. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, विळीवर गऱ्यांचे उभे तुकडे करून एकेकाच्या हातावर ठेवायच्या आणि आठळ्या, म्हणजे आतल्या बिया, मोजून स्वतःजवळ ठेवून घ्यायच्या. अख्खा फणस घरी आणता येतो, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

तो आणला शेजारच्या वहिनींमुळे. त्या कुडाळच्या. भाऊजींची बँकेत बदली झाली म्हणून सहा वर्षं आमच्या भिंतीला भिंत लागून राहिल्या. फणस कसा निवडायचा ते त्यांनी मला गाड्यापाशी उभं करून शिकवलं. पंजाने थापटायचा. कच्चा असला तर भरीव, टणक वाजतो. तयार झालेला पोकळ वाजतो. काटे बघायचे. कोवळ्याचे काटे दाटीने बसलेले आणि टोकदार असतात, तयार फणसाचे फाकलेले आणि चपटे. देठाशी नाक न्यायचं. आणि देठाजवळ मऊ, काळपट पडलेला किंवा भोक असलेला फणस कितीही स्वस्त दिला तरी घ्यायचा नाही, कारण नासायला सुरुवात तिथूनच होते.

हे सगळं मी नीट केलं. चुकले ती पुढे. वहिनी म्हणाल्या होत्या, "कोपऱ्यात ठेवून दे, चार-पाच दिवसांनी घरभर वास सुटेल." मी तो वरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवला. मे महिना, बाहेर बेचाळीस अंश, पत्र्याखाली त्याहून जास्त. तिसऱ्या दिवशी वास आला तोच आंबलेला. कापला तर पत्र्याकडची बाजू नासलेली, आणि खाली जमिनीला टेकलेले गरे अजून पांढरट, बेचव. फार वाईट वाटलं. पैशाचं होतंच, पण पहिला अख्खा फणस म्हणून मुलं तीन दिवस त्याच्याभोवती फिरत होती.

त्या दिवशी कळलं की कुडाळचा हिशोब लातूरला लागू होत नाही. तिथली हवा दमट, इथली भट्टीसारखी कोरडी. फणसाबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक कोकणातलं असतं, म्हणून आपल्याकडच्या बायकांसाठी हे मुद्दाम लिहिते आहे. पत्र्याखाली, गच्चीच्या खोलीत, गॅसजवळ फणस ठेवू नका. मी आता तो देवघरामागच्या अंधाऱ्या खोलीत, फरशीवर दुहेरी बारदान टाकून ठेवते आणि सकाळ-संध्याकाळ कूस बदलते. रात्री वास सुटला की दुसऱ्या दिवशी पहाटे कापायचा. "उद्या रविवार आहे, उद्या बघू" हे आपल्या उन्हाळ्यात चालत नाही.

कापायचं काम सकाळी सहाला, अंगणात. खाली पोतं, त्यावर जुने पेपर. दोन्ही हातांना कोपरापर्यंत करडईचं तेल, कोयत्यालाही तेल. आधी फणस मधोमध आडवा कापते. कोयता बाहेर येताना चिकाच्या पांढऱ्या तारा ओढत येतो. त्या लगेच पेपरच्या बोळ्याने पुसायच्या. पाणी लावायचं नाही, पाण्याने चीक निघत नाही, उलट हाताला धरून बसतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमच्याकडे भांडी घासायलाही पाणी मोजून होतं. तरी एक फणस कापला होता, आणि हात, कोयता, पोतं सगळं तेल आणि पेपरवर निभावलं. शेवटी साबण आणि एक तांब्या पाणी, बस.

मग अर्ध्याचे दोन भाग करायचे आणि मधला चिकट दांडा उभा कापून काढायचा. तो निघाला की चिकाचा निम्मा त्रास गेला. आता फाक दोन्ही हातांत धरून काटे आत आणि गरे बाहेर अशी उलटी वाकवायची. गरे आपोआप सुटे उभे राहतात. प्रत्येकाभोवती पिवळट दोरे चिकटलेले असतात, ते बोटाने खाली सारायचे, गरा बुडाशी धरून हलकेच पिळायचा, की "टच्" करून निघतो. वरून जरा चिरला की आठळी निसटून हातात येते. हे काम मला फार आवडतं. एव्हाना गल्लीतली दोन-तीन पोरं फाटकाशी उभी असतातच.

गेल्या मे महिन्यात सव्वाआठ किलोचा फणस आणला होता. त्यातून गरे निघाले अडीच किलोच्या आसपास आणि आठळ्या पाऊण किलो. बाकी सालं-दोरे शेजारच्या म्हशीला. महाग पडतो की स्वस्त, ते गाड्यावरच्या गऱ्यांचा भाव विचारून तुम्हीच ताडून बघा. मला तरी अख्खाच परवडतो, आणि गाड्यावर धूळ, माश्या बसलेल्या असतात ते वेगळंच.

आपल्याकडे येतो तो कापा, म्हणजे कडक गऱ्यांचा. बरका पिकला की लिबलिबीत होतो, एवढा प्रवास त्याला झेपत नाही. म्हणून बरक्याच्या रसात वाफवायच्या सांदणांच्या नादी मी लागत नाही.

गरे ठेवायचे ते घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. फ्रीजमध्ये चार दिवस छान राहतात. झाकण सैल असेल तर दुधाला आणि लोण्याला फणसाचा वास लागतो, मग चहासुद्धा फणसाचा. जास्त असतील तर आठळ्या काढून गरे ताटात सुटे पसरून फ्रीजरला कडक करायचे आणि मग पिशवीत भरायचे, म्हणजे गोळा होत नाही. सुटल्यावर मऊ पडतात, नुसते खायला मजा नाही, पण शिऱ्यात चांगले लागतात.

आठळ्यांवर आत्याबाईंचा अजून हक्क आहे. आठळ्या धुवायच्या नाहीत. फडक्याने बुळबुळीतपणा पुसून दोन दिवस सावलीत सुकवायच्या आणि मडक्यात कोरड्या राखेचे थर देत भरायच्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्या की बुरशी तरी येते, नाहीतर मोड. मृगाचा पाऊस झाला की त्या मडक्यातून मूठभर काढतात, ठेचून वरचं पांढरं टरफल काढतात आणि येसराच्या, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींच्या मसालेदार पिठाच्या, आमटीत सोडतात. सोबत ज्वारीची भाकरी. बटाट्यापेक्षा घट्ट, किंचित गोडूस अशी ती चव येसराच्या तिखटात फार सुरेख बसते. फणस खाल्ल्यावर विडा खायचा नाही, हा नियमही त्यांनी आजवर मोडलेला नाही.

भाजीचा फणस घ्यायचा तो मार्चमध्ये, दीड-दोन किलोचा, सुरीने आठळीसकट चिरला जाईल असा. फोडी ताकाच्या पाण्यात टाकायच्या म्हणजे काळ्या पडत नाहीत. कुकरला दोन शिट्ट्या, मग काळा मसाला आणि शेंगदाण्याचा कूट. सोपी आहे.

२०१७ साली वहिनींनी माहेरून येताना ताज्या आठळ्या आणल्या. सुकलेली आठळी उगवत नाही, म्हणून दुसऱ्याच दिवशी औशाजवळच्या शेतात तीन लावल्या. दोन काळ्या रानात, पावसाचं पाणी साचून मेल्या. तिसरी विहिरीजवळच्या मुरमाड उतारावर होती, ती जगली. यंदा तिच्या खोडावर बोटाएवढे हिरवे कोंब आले आणि पंधरा दिवसांत काळे पडून गळले. आम्ही घाबरून वहिनींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अगो, ती नर फुलं, ती गळायचीच. खाली खोडाशी जाड देठाचं काही दिसतंय का बघ."

रविवारी जाऊन पाहिलं. गुडघ्याएवढ्या उंचीवर एक आहे, लिंबापेक्षा थोडं मोठं, काटे अजून मऊ. आत्याबाईंनी शेतातल्या गड्याला बजावून ठेवलंय की शेरडं तिकडे बांधायची नाहीत.