डायनॅमिक्स करायचंय आणि प्राध्यापकही व्हायचंय?

केऑसची चित्रं बघून एम.एस्सी. गणिताला आलेल्या मुलामुलींना आधी हे सांगते: नोकरी मिळते ती अ‍ॅनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्राच्या जोरावर. डायनॅमिक्सचा, म्हणजे एकच नियम पुन्हा पुन्हा लावला की पुढे काय होतं याच्या अभ्यासाचा, नंबर त्यानंतर.

जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदाच्या थेट भरतीसाठी नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) ही किमान अट आहे. सीएसआयआर-नेटच्या गणितात डायनॅमिकल सिस्टिम्स असा वेगळा घटकच नाही. २०० पैकी ९५ गुण एकट्या भाग ‘क’ला असतात: ६० प्रश्नांतले कुठलेही २० सोडवायचे, प्रत्येकी ४.७५ गुण. एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि ते सगळे टिपले तरच गुण मिळतात, मात्र इथे निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे सगळा अभ्यासक्रम वरवर चाळणाऱ्यापेक्षा तीन-चार घटक मुळापासून केलेला पुढे जातो. रिअल अ‍ॅनालिसिस, जॉर्डन फॉर्मपर्यंतचं लिनिअर अल्जिब्रा आणि डिफरन्शिअल इक्वेशन्स पक्की करा, पुढे डायनॅमिक्सला तीच लागतात.

सेट-नेट झाली की बहुतेकांच्या वाट्याला आधी सीएचबी (क्लॉक अवर बेसिस, म्हणजे तासिका तत्त्वावरची नोकरी) येते. मानधन तासांवर, सुट्टीत काही नाही. ही वर्षं फुकट जाऊ द्यायची नसतील तर पीएच.डी.ची नोंदणी याच काळात करा. आमचं सोलापूर विद्यापीठ २००४ साली स्थापन झालं आणि त्याचं कार्यक्षेत्र एकाच जिल्ह्यापुरतं आहे, त्यामुळे तुमच्या विषयाचा गाइड इथेच मिळेल असं धरून चालू नका. पुण्यातला गाइड मिळाला तर हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. एका सहायक प्राध्यापकाकडे एका वेळी चारच विद्यार्थी असू शकतात, म्हणून जागा आहे का हे आधी विचारा.

विषय निवडताना नावाने फसू नका. मेट्रिक स्पेसवरच्या (जिथे बिंदूंमधलं अंतर मोजता येतं) कॉन्ट्रॅक्शनची, म्हणजे अंतर आखडत नेणाऱ्या मॅपची, अट थोडी सैल करून नवं प्रमेय लिहिणं, एवढ्यावर ‘फिक्स्ड पॉइंट थिअरी’तले कितीतरी प्रबंध उभे आहेत. माझ्या मते तो रस्ता डायनॅमिक्सकडे जात नाही. डायनॅमिक्समध्ये स्थिर बिंदूपासून दूर गेलेल्या ऑर्बिटचं (नियम लावत गेल्यावर मिळणाऱ्या बिंदूंच्या रांगेचं) पुढे काय होतं, हा खरा प्रश्न असतो. सिम्बॉलिक डायनॅमिक्स (ऑर्बिट चिन्हांच्या ओळीने लिहून अभ्यासणं) किंवा इंटरव्हलवरचे मॅप घेतले तर मोठी लॅब लागत नाही. साधा लॅपटॉप पुरतो.

पण लॅपटॉपवर आंधळा विश्वास नको. डबलिंग मॅप घ्या: संख्येची दुप्पट करायची आणि पूर्णांक भाग टाकून द्यायचा. ०.१ पासून सुरुवात केली तर खरी ऑर्बिट ०.२, ०.४, ०.८, ०.६, पुन्हा ०.२ अशी कायम फिरत राहते. पायथनमध्ये साध्या दशांश संख्येने (फ्लोट) हाच लूप चालवा, ५५व्या पावलाला शून्य येतं आणि मग शून्यच राहतं. कारण यंत्रात ०.१ ही हुबेहूब बसत नाही. तिच्या जागी छेदात २ चा ५५वा घात असलेला अपूर्णांक साठवलेला असतो आणि प्रत्येक दुपटीला त्यातला एक बिट गळतो. फ्रॅक्शन मॉड्यूल वापरून Fraction(1, 10) लिहा, उत्तर बरोबर येतं.

दुसरी चूक लॉजिस्टिक मॅपच्या (x च्या जागी r·x·(१−x) घेत जायचं) बायफर्केशन आकृतीत, म्हणजे आर बदलला की ऑर्बिट कुठे स्थिरावते हे दाखवणाऱ्या चित्रात, दिसते. आर बरोबर ३ असताना ऑर्बिट २/३ कडे जाते, पण अतिशय हळू. पहिली हजार पावलं टाकून दिली तरी ती सुमारे ०.००७ इतकी दूर असते, एकदा वर आणि एकदा खाली. आकृतीत फांदी ३ च्या आधीच फुटल्यासारखी दिसते आणि मुलं तसंच लिहून मोकळी होतात. तिथे डेरिव्हेटिव्ह उणे १ आहे हे कागदावर एका ओळीत निघतं. ती ओळ आधी, आकृती नंतर.

कायम नोकरी लागली की वेतनाची लेव्हल १०, मूळ वेतन ५७,७०० आणि आठवड्याला १६ तास शिकवणं. पीएच.डी. असेल तर पुढच्या टप्प्याला चार वर्षांनी पात्र होता, नसेल तर सहा वर्षांनी. पेपर कुठे पाठवायचा हे ठरवताना पैसे मागणाऱ्या जर्नलच्या ईमेलला भुलू नका. झेडबीमॅथ ओपन (गणिताच्या पेपरांची ऑनलाइन सूची) २०२१ पासून सगळ्यांना मोफत आहे, तिथे त्या जर्नलमधले पेपर बघा आणि त्यांची परीक्षणं वाचा.

बी.एस्सी.च्या वर्गात या विषयाची गोडी लावायची तर देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांची ६१७४ ही संख्या घ्या. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घेऊन उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करत राहायचं, जास्तीत जास्त सात पावलांत ६१७४ येते. मुलं अडखळतात ती सुरुवातीच्या शून्यावर: १००० मधून ०००१ गेले की ०९९९ लिहायचं. नुसतं ९९९ लिहिलं तर पुढचं उत्तर ० येतं आणि सगळं फसतं. हे जमलं की दोन अंकी संख्यांवर तेच करायला सांगा. तिथे स्थिर बिंदू सापडत नाही. ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९ असं पाचाचं चक्र मिळतं, आणि ‘पिरिऑडिक ऑर्बिट’ शिकवायला तेवढं पुरतं.