रांगोळीनं दाखवलेली उंदरांची वाट

आमचं घर वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. मागच्या भिंतीपासून हाताच्या अंतरावर शेजाऱ्यांचा ऊस. पावसाळाभर उंदरांचा फारसा पत्ता नसतो. दिवाळी झाली, कारखान्याचं धुराडं पेटलं, ऊसतोडीची टोळी येऊन त्या रानाला कोयता लागला की चार दिवसांत आमच्या माळ्यावर खुडबुड सुरू. वर्षभर उसात राहिलेली जात, रान मोकळं झालं आणि वर थंडी. माळ्यावर शेंगांची पोती असताना ते दुसरीकडं कशाला जातील?

मांजर आहे आमच्याकडं. दूध पिऊन चुलीच्या उबेला झोपते.

गेल्या हंगामात एका रात्रीत पोत्याला भोक आणि मिक्सरच्या वायरीची साल निघालेली बघितली, तेव्हा पिंजरा आणला. भजी लावली. चार रात्री काही नाही. आत्या (माझ्या सासूबाई) म्हणाल्या, "आगं, नव्या वस्तूला त्यो लगीच त्वांड लावत न्हाई. दोन-तीन दिस खटका न लावता उघडाच ऱ्हाऊ दे." तसंच केलं, भज्याऐवजी भाजलेला बोंबील ठेवला आणि पिंजरा खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीला चिकटवला, कारण उंदीर भिंतीच्या कडेनंच पळतो. पाचव्या दिवशी खटका पडला. आत कोण, तर चिचुंद्री! लांब सोंड, उग्र वास. ती उंदीर नव्हेच, किडे-झुरळं खाते. तिला सोडून दिलं. नंतर दोन उंदीर सापडले, पण गणपतीचं वाहन म्हणून आत्या मारू देईनात. आमच्या ह्यांनी त्यांना बांधापलीकडं सोडलं. "माझ्याआधी घरी पोचले नाहीत म्हणजे मिळवली," म्हणत आले.

मग मी चूक केली. दुकानातून औषधाच्या वड्या आणल्या. हे औषध रक्त गोठू देत नाही, त्यामुळं उंदीर लगेच मरत नाही. तीन-चार दिवसांनी, कुठंतरी अडचणीत जाऊन मरतो. आमचा मेला जुन्या ट्रंकेमागं. आठवडाभर घरात जेवण जाईना. शिवाय तो मेलेला उंदीर मांजरानं खाल्ला असता तर तिलाही बाधलं असतं, हे मला नंतर कळलं. उरलेल्या वड्या पुरून टाकल्या.

खरा उलगडा रांगोळीनं केला. पकडायच्या नादात तीन आठवडे गेले, पण ते येतात कुठून हे कुणी बघितलंच नव्हतं. सगळ्यांचा राग दारावर. एका रात्री मी भिंतींच्या कडेनं रांगोळीची पातळ पट्टी पसरली. सकाळी दारापाशी एकही पाऊल नाही! बारीक पावलांची रांग मोरीच्या नळीपासून निघून थेट फडताळाखाली गेलेली, मधूनच शेपटीची रेघ. दुसरी रांग मोटारीची वायर जिथून आत येते त्या भोकाशी. मग रात्री आत दिवा लावून मी बाहेर अंधारात उभी राहिले. जिथून उजेड दिसला तिथं खडूनं फुल्या मारल्या. अकरा निघाल्या. शिसपेन्सिल जिथं शिरते तिथं लहान उंदीर शिरतो, मोठ्याला अर्धा इंच पुरतो.

आमच्या ह्यांनी आधी एका भोकात वाळून घट्ट होणारा फेस फवारून भरला होता, तो दोन रात्रीत कुरतडला. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. गवंड्याला बोलावलं. त्यानं भोकात तारेची घासणी कोंबली आणि वरून काचेचे तुकडे घातलेलं सिमेंट लिंपलं. मोरीच्या तोंडाला पाव इंची जाळी, दाराच्या तळाला पत्र्याची पट्टी. पेरूची फांदी कौलांवर टेकली होती, ती चार फूट मागं छाटली. माळ्यावरचे पाहुणे बहुधा त्याच वाटेनं येत होते. सगळं मिळून एका दिवसाचं काम. पण घाई करायची नाही; पिंजरे तसेच ठेवून आतले उंदीर धरायचे, नाहीतर ते आतच कोंडले जातात आणि पुन्हा तोच वास.

माळा झाडायला मी केरसुणी घेतली, तर पोरीनं अडवलं. लेंड्या कोरड्या झाडल्या की धूळ नाकात जाते. ब्लीचचं पाणी शिंपडून, दहा-पंधरा मिनिटं थांबून, तोंडाला फडकं आणि हातात मोजे घालून पुसून काढलं. उंदराच्या मुतातून लेप्टोचा ताप पसरतो म्हणे, पण मला खरं तर वासाचाच राग होता. शेंगा आता पत्र्याच्या कोठीत.

अजून रोज रात्री मोरीपाशी रांगोळीची एक पट्टी ओढूनच झोपते. परवा सकाळी तिच्यात पावलं उमटली होती. वाकून बघितलं, तर आमच्या मांजराची. दुधाच्या वाटीकडं जाणारी.