डेस्डेमोना बावळट नाहीये

शेक्सपिअरच्या ऑथेल्लो नाटकाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतंच, ती ऑथेल्लोची बायको डेस्डेमोना जरा बावळटच ना, नवरा एवढा पिसाळलाय ते दिसतंय आणि हिचं आपलं कॅसिओ कॅसिओ चालूच. (कॅसिओ म्हणजे ऑथेल्लोच्या हाताखालचा अधिकारी, त्याची नोकरी गेलीये आणि ही त्याच्यासाठी रदबदली करतेय.) दरवेळी माझं डोकं फिरतं. आता एकदा सगळं लिहूनच टाकते.

आधी ही बाई करते काय ते बघा. वडील व्हेनिसचे सिनेटर, त्यांच्या घरी ऑथेल्लो येऊन लढायांच्या गोष्टी सांगायचा, ही त्याच्या प्रेमात पडली आणि घरातून बाहेर पडून सरळ लग्न करून मोकळी झाली. माणूस कोण तर मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेकडचा, काळा, परका, वयाने मोठा. बाप भर सिनेटमध्ये आरडाओरडा करतोय की माझ्या पोरीवर जादूटोणा केला, आणि ही सगळ्या सरदारांसमोर उभी राहून शांतपणे सांगते की बाबा, माझ्या आईने जसं तिच्या बापापेक्षा तुम्हाला जास्त मानलं तसंच मी आता ह्यांना मानणार. वर हट्ट काय, तर नवरा सायप्रसला लढायला जातोय तर मला पण जायचंय. ही बावळट?

मला वाटतं हा गैरसमज होण्यात थोडा हात इटालियन संगीतकार व्हेर्दीने ह्याच नाटकावर केलेल्या ऑपेराचा पण असणार. ऑपेरा १८८७ चा, संगीत अप्रतिम आहे त्यात वाद नाही, पण त्यात व्हेनिसचा अख्खा पहिला अंकच उडवलाय, गोष्ट डायरेक्ट सायप्रसच्या वादळात सुरू होते. म्हणजे सिनेटसमोर बोलणारी डेस्डेमोना दिसतच नाही, उरते ती प्रार्थना करणारी आणि रडणारी.

आणि गंमत अशी की ऑथेल्लोच्या हाताखालचाच इयागो, जो त्याच्या मनात बायको आणि कॅसिओबद्दल संशय पेरतो, तो वापरतो ते तिचं हे धाडसच. बाप जाता जाता ऑथेल्लोला बोलून जातो की सांभाळून रहा, हिने मला फसवलं, तुलाही फसवेल. इयागो तिथेच उभा असतो. पुढे तिसऱ्या अंकात तो हेच वाक्य काढून ऑथेल्लोला ऐकवतो की तुमच्याशी लग्न करताना तिने बापाला फसवलंच की. त्यावर ऑथेल्लो काय बोलणार, खरंच आहे ते! ज्या गोष्टीमुळे ती त्याची झाली तीच गोष्ट तिच्या विरुद्धचा पुरावा झाली. वर इयागो म्हणतो, आमच्या व्हेनिसच्या बायका मला माहितीयेत, देवाला दिसेल ते नवऱ्याला दिसू देत नाहीत. आमच्या! म्हणजे तुम्ही पडलात बाहेरचे, तुम्हाला काय कळणार. एवढा मोठा सेनापती पण त्या गावात पाहुणाच, आणि ते दुखणं इयागोला बरोबर माहिती आहे.

तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश म्हणजे ह्या नाटकाचा जीव. प्रवेश सुरू होतो तेव्हा ऑथेल्लोच्या मनात संशयाचा लवलेशही नाही आणि संपतो तेव्हा तो कॅसिओच्या खुनाचा हुकूम देऊन बसलेला असतो. आणि इयागो सुरुवातीला करतो काय तर जवळजवळ काहीच नाही हो. कॅसिओ डेस्डेमोनाशी बोलून निघून जाताना दिसतो, इयागो पुटपुटतो, हे काही मला आवडलं नाही. ऑथेल्लो विचारतो काय म्हणालास, तर कुठे काय, काही नाही. मग ऑथेल्लो विचारतो कॅसिओ प्रामाणिक आहे ना, हा विचारतो, प्रामाणिक? तुला काय वाटतं? मला काय वाटतं? म्हणजे समोरच्याचाच शब्द उचलून परत त्याच्याच हातात द्यायचा आणि गप्प बसायचं. रिकाम्या जागा ऑथेल्लो स्वतःच भरत जातो. वर मत्सरापासून सांभाळा हो असा सल्लाही इयागोच देतो, तो हिरव्या डोळ्यांचा राक्षस वगैरे जे आपण इतके ऐकतो ते बोलणारा हाच! धडधडीत खोटं तो बोलतो ते नंतर, कॅसिओ झोपेत काय बरळला आणि ऑथेल्लोने डेस्डेमोनाला दिलेल्या रुमालाने दाढी कशी पुसत होता ते, आणि तेही ऑथेल्लो पुरावा दे म्हणून त्याचा गळा धरतो तेव्हा. तोपर्यंत पीक तयार झालेलं असतं, हा फक्त कापणी करतो.

ह्याच प्रवेशात अजून एक गोष्ट आहे जी मला फार नंतर दिसली. डेस्डेमोना कॅसिओसाठी गळ घालते की त्याला परत नोकरीवर घ्या, आज रात्री? उद्या? मंगळवारी सकाळी, दुपारी, रात्री, नाहीतर बुधवारी सकाळी, पण तीन दिवसांच्या वर नको. आणि प्रवेशाच्या शेवटी ऑथेल्लो इयागोला सांगतो, तीन दिवसांच्या आत कॅसिओ मेला असं मला ऐकव. मुदत तीच!

ती गळ का घालते तर मनात पाप नाही म्हणून. पाप असतं तर कॅसिओचं नाव तिने नवऱ्यासमोर काढलंच नसतं. हे इयागोला पक्कं कळतं, तो आधीच बोलून दाखवतो की हिच्या चांगुलपणाचंच जाळं विणीन. रुमालाचं पण तेच. ऑथेल्लोचं डोकं दुखतं, ती रुमाल बांधायला जाते, तो म्हणतो छोटा आहे, राहू दे, आणि तो पडतो. म्हणजे नवऱ्याचं डोकं दाबताना पडला आणि नवराच राहू दे म्हणाला. नंतर तोच नवरा त्या रुमालावरून आकाशपाताळ एक करतो.

आता रुमालावरून एवढं महाभारत होतं का, असं खूप लोक म्हणत आलेत, १६९३ साली थॉमस रायमर नावाच्या टीकाकाराने ह्या रुमालाची यथेच्छ टिंगल केली होती. पण आपल्याकडे हे कोडं सोडवायला मस्त साधन आहे, ते म्हणजे देवल. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये ऑथेल्लोवरून झुंजारराव केलं हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण संशयकल्लोळ पण त्याच माणसाचं! आधी ते गद्य होतं, फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा, आणि १९१६ मध्ये संगीत संशयकल्लोळ झालं. तिकडे रुमाल, इकडे तसबीर. तसबीर पडते, भलत्याच्याच हाती लागते, आणि फाल्गुनराव कृत्तिकेवर, कृत्तिका फाल्गुनरावावर, अश्विनशेठ रेवतीवर असा सगळ्यांचा सगळ्यांवर संशय. मसाला सेम. मग तिथे आपण पोट धरून का हसतो?

माझं मत असं की संशयकल्लोळमध्ये सगळे एकमेकांच्या तोंडावर भांडतात. मनात आलं की बोंबलायचं, ताबडतोब. त्यामुळे घोटाळा कितीही वाढला तरी तो उघड्यावर वाढतो आणि उघड्यावरच फुटतो. ऑथेल्लोमध्ये ऑथेल्लो कॅसिओला एकदाही समोर बसवून विचारत नाही, डेस्डेमोनाला नेमका आरोप काय आहे ते शेवटच्या रात्रीपर्यंत धड सांगत नाही, शिव्या देतो, चारचौघांत हात उचलतो, पण कोणाबरोबर ते सांगत नाही. प्रत्येकजण मन मोकळं करायला जातो तो इयागोकडे. कॅसिओ त्याच्याकडे, डेस्डेमोनावर भाळलेला रॉडरिगो त्याच्याकडे, ऑथेल्लो त्याच्याकडे, आणि शेवटी डेस्डेमोनासुद्धा गुडघे टेकून त्यालाच विचारते की नवऱ्याला परत मिळवायला मी काय करू. हा सीन मला बघवत नाही.

ह्या सगळ्यांत खरी गाठ सोडवू शकली असती ती एकच व्यक्ती, एमिलिया, इयागोची बायको आणि डेस्डेमोनाची दासी. रुमाल तिनेच उचलला, तिनेच इयागोला दिला. डेस्डेमोना विचारते कुठे हरवला गं, तर ही म्हणते, माहीत नाही बाईसाहेब. आणि मग ऑथेल्लो रुमाल दाखव, रुमाल दाखव म्हणून थयथयाट करतो तेव्हा ही तिथेच आहे आणि गप्प आहे. वाईट नाहीये ती, डेस्डेमोनावर तिची माया आहे. पण नवऱ्याला खूश करायला केलेली छोटीशी गोष्ट, ती आता कशी सांगायची. इयागोपेक्षा ह्या गप्प बसण्याचीच मला जास्त भीती वाटते, कारण इयागो मला आजवर भेटलेला नाही, गप्प बसणारे मात्र घरोघरी आहेत, मी पण त्यातलीच.

शेवटी एमिलिया बोलते ते मात्र काय बोलते! ऑथेल्लो डेस्डेमोनाला मारतो, आणि ती मरताना पण नवऱ्याला वाचवायला म्हणून जाते की कोणी नाही, मीच केलं. एमिलियाला कळतं की ऑथेल्लोचे कान इयागोनेच भरले, आणि इयागो तिला दरडावतो, घरी जा. ती म्हणते आत्ता नवऱ्याचं ऐकणं माझं काम नाही, कदाचित मी आता घरी कधीच जाणार नाही. आणि खरंच जात नाही, रुमालाचं सगळं सांगून टाकते, आणि तो तिथेच तिला भोसकतो.

म्हणून चौथ्या अंकाचा शेवटचा प्रवेश कोणी कापला की मला राग येतो. झोपायच्या आधी दोघी बोलत बसल्यात, डेस्डेमोना ते विलोच्या झाडाचं गाणं म्हणते, मग विचारते की खरंच अशा बायका असतात का नवऱ्याला फसवणाऱ्या, आणि एमिलिया सुनावते की बायका घसरतात त्यात दोष नवऱ्यांचाच, आम्हाला पण चव कळते, वास कळतो, राग येतो. १६२२ च्या पहिल्या छापील प्रतीत ते गाणं आणि हे भाषण दोन्ही नाही, पुढच्या वर्षीच्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित आवृत्तीत, आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात पण ह्या प्रवेशावर बऱ्याचदा कात्री चालली. वेळ वाचवायचा असेल तर पाचव्या अंकातली अंधारातली मारामारी कमी करा, नाहीतर तो विदूषक काढून टाका, त्याला तसंही कोणी हसत नाही.