मारुती ८०० साठी कप होल्डर : पुठ्ठ्याच्या साच्यापासून पसरणी घाटापर्यंत

माझी मारुती ८०० ही १९९७ सालची, कार्ब्युरेटरची आणि चार गिअरची आहे. तिच्या डॅशबोर्डमध्ये ॲशट्रे आहे, पण पेला किंवा बाटली ठेवायला जागा नाही. त्या काळी चहा प्यायचा म्हणजे गाडी टपरीपाशी लावून खाली उतरायचे, हे गृहीतच होते. गेल्या वर्षी मात्र शेजारच्या सीटवर ठेवलेली पाण्याची बाटली एका वळणावर घरंगळत खाली आली आणि थेट माझ्या पायांशी येऊन थांबली. ब्रेकच्या पेडलखाली ती अडकली नाही हे नशीबच म्हणायचे. त्या दिवशी हे काम हाती घेतले.

पहिला प्रयत्न फसला, तो आधी सांगून टाकतो. संगणकावर आराखडा काढून मी पीएलए प्लास्टिकचा होल्डर थ्री-डी प्रिंट करून घेतला होता. दिसायला तो देखणा होता. परंतु पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसला नरम पडते आणि मे महिन्याच्या दुपारी काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तेवढे तापमान सहज होते. संध्याकाळी पाहिले तेव्हा दोन्ही गोल कडा शिळ्या पापडासारख्या लोंबत होत्या. दुसऱ्या वेळी म्हणून प्लायवुडची पेटी आणि नळकामाचा पीव्हीसी पाइप हे साधे साहित्य निवडले. पीव्हीसीदेखील ८० अंशांच्या आसपास मऊ होतो, त्यामुळे फार फरक नाही असे वाटेल; पण माझ्या रचनेत भार प्लायवर येतो आणि पाइप फक्त पेटीच्या माथ्यावरच्या भोकात लटकतो.

काम सुरू करण्यापूर्वी एक अट स्वतःवर घालून घेतली, ती म्हणजे गाडीच्या पत्र्याला एकही भोक पाडायचे नाही. ही गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असल्यामुळे गाडीच्या तळाच्या मधल्या उंचवट्याखाली प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांना ताकद पोहोचवणारा दांडा, नाही, हे खरे. तरीही सायलेन्सरचा पाइप आणि गिअरचा रॉड तिथूनच जातात. वरून आंधळेपणाने स्क्रू मारणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणेच होय, शिवाय त्या भोकातून पावसाळ्यात पाणी आत येऊन गंज धरतो तो वेगळाच.

जागेचा प्रश्न सर्वांत अवघड निघाला. गिअर लिव्हरच्या पुढे, डॅशबोर्डच्या खाली, माझ्या गाडीत १६८ मिलिमीटर रुंदी मोकळी मिळते. एक लिटरच्या बाटलीला ९० चा (म्हणजे बाहेरून ९० मिलिमीटर व्यासाचा) पाइप लागतो, कारण त्याचा आतला व्यास ८५ च्या आसपास भरतो आणि बाटली साधारण ७८ ची असते. शीतपेयाच्या कॅनसाठी ७५ चा पाइप पुरतो. नेहमीच्या जाड कॅनचा व्यास ६६ असतो. हे दोन्ही शेजारी-शेजारी ठेवले तर १६५ होतात, म्हणजे पेटीच्या भिंतीला जागाच उरत नाही. अखेर दोन्ही भोके तिरपी मांडली. दोन केंद्रांमध्ये आडवे ६० आणि पुढे-मागे ७० मिलिमीटर अंतर ठेवले की तिरके अंतर ९२ येते, भोकांच्या मध्ये आठ-नऊ मिलिमीटर लाकूड शिल्लक राहते आणि १६० रुंद, २१० लांब पेटीत सारे बसते. या मांडणीचा न मागता मिळालेला फायदा असा, की दोन्ही कप उंचवट्याच्या माथ्यावर न येता त्याच्या दोन उतारांवर आले आणि खोली वाढली.

मग पुठ्ठ्याचा साचा केला. उंचवट्याचा आकार उतरवण्यासाठी जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवत गेलो. जाड पत्रिकेसारखा दुसरा पुठ्ठा नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. साचा गाडीत ठेवून इंजिन बंद असतानाच सगळे गिअर टाकून पाहिले. बाटली लिव्हरच्या जवळच्या भोकात असताना पहिला गिअर टाकला की बोटांची पेरे बाटलीच्या मानेवर आपटत. म्हणून मोठे भोक डावीकडे पण डॅशबोर्डच्या बाजूला नेले आणि छोटे भोक लिव्हरजवळ उजवीकडे आणले, कारण बुटका कप हाताच्या खालीच राहतो. ही चूक प्लाय कापल्यावर लक्षात आली असती, तर तो तुकडा वाया गेला असता.

पेटीचा माथा १२ मिलिमीटर प्लायचा आणि बाजू ६ च्या आहेत. एवढ्या मोठ्या मापाचा होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) माझ्याकडे नसल्याने भोके ओळखीच्या सुतारांकडून जिगसॉने कापून घेतली आणि कडा कानशीने सारख्या केल्या. पाइपचे ९५ मिलिमीटर लांबीचे तुकडे करून तळाला सनबोर्डची (पीव्हीसी फोमच्या हलक्या फळीची) चकती सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवली. वरची कॉलर मात्र त्याच पाइपातून निघाली. बारा मिलिमीटर रुंदीचे कडे कापून त्याला एक चीर दिली आणि ते ताणून पाइपच्या तोंडावर चढवले. आतला व्यास ८५ वरून ९० वर ताणला जात असल्याने दीड सेंटीमीटरची फट उरते. ती मी डॅशबोर्डकडे फिरवली आहे, त्यामुळे बसल्या जागेवरून दिसत नाही. या कॉलरवर पाइप पेटीत लटकतो. चहा सांडला तर पाइप नुसता उचलून नळाखाली धरायचा.

बाटलीभोवती राहिलेल्या तीन-साडेतीन मिलिमीटर ढिलेपणामुळे खडखडाट होत होता. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तीन पट्ट्या आतून सारख्या अंतरावर लावल्या. वरचे टोक चिकटवलेले आणि खालचा भाग मोकळा फुगवटा ठेवून, म्हणजे बाटली आत जाताना रबर दबते आणि नंतर तिला धरून ठेवते. पंक्चरचे सोल्यूशन पीव्हीसीवर दोन दिवसही टिकले नाही. पॉलिश पेपरने पृष्ठभाग खरखरीत करून सिंथेटिक रबरचा गोंद लावल्यावर पट्ट्या पक्क्या बसल्या.

टपरीवरच्या कागदी कपाने वेगळाच पेच टाकला. तो तळाशी ४५ आणि कडेला ६५ मिलिमीटर असतो, त्यामुळे ७५ च्या पाइपात सरळ तळाशी जाऊन बसतो आणि बाहेर काढताना बोटे भाजतात. त्यासाठी पाइपच्या तोंडावर ठेवायची प्लायची एक सुटी चकती केली. तिच्यातले भोक ५८ मिलिमीटरचे आहे. साडेसात सेंटीमीटर उंचीचा कप तळापासून सुमारे पाच सेंटीमीटरवर त्यात अडतो आणि वरचा तिसरा हिस्सा बोटांना पकडायला मोकळा राहतो.

पेटीच्या खालच्या कडा लग्नपत्रिकेच्या साच्याप्रमाणे घासून घेतल्यामुळे ती उंचवट्यावर खोगिरासारखी बसते, आणि खाली लावलेल्या वेल्क्रोचा खरखरीत भाग कार्पेटला धरून ठेवतो. क्लचच्या पायाला ती कुठेही लागत नाही, हे बूट घालून आणि चप्पल घालून असे दोन्ही प्रकारे तपासले.

गेल्या रविवारी वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला गेलो. पाण्याची भरलेली बाटली आणि बोटभर रिकामा ठेवलेला पाण्याचा कागदी कप, असे दोन्ही सोबत होते. बाटली जागची हलली नाही. कपातले पाणी दुसऱ्या गिअरमधल्या एका तीव्र वळणावर चकतीवर थोडे सांडले, पण कप कलला नाही. उतरताना तर चकती कोरडीच राहिली. स्पीडब्रेकरवर मात्र पेटीतून एक बारीक टकटक ऐकू आली. घरी येऊन पाहिले तर मोठ्या पाइपची कॉलर प्लायवर आपटत होती. कॉलरखाली फेल्टचे कडे लावून ती आता थांबली आहे.

पेटीवर रेक्झिन चढवण्याचे काम अर्धवट आहे. डॅशबोर्डच्या करड्या रंगाशी जुळणारे रेक्झिन साताऱ्यात मिळाले, पण पुढच्या डाव्या कोपऱ्यावर त्याची घडी नीट बसत नाही आणि उन्हाने उचलली जाते. तेवढा कोपरा उसवून, आतून पातळ करून पुन्हा चिकटवणार आहे.